गोल्फ खेळणाऱ्या पोरीसाठी शेत विकावं का?

पत्र:

आक्का, नमस्कार. आम्ही बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातले. माझे मालक मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. ते महूला होते तेव्हा आमच्या मुलीला गोल्फचं वेड लागलं, तेव्हा ती आठ वर्षांची होती. आता पंधरावं चालू आहे, दहावीला आहे. घरात ट्रॉफ्या आहेत. हँडिकॅप ९ आहे, म्हणजे ७२ फटक्यांच्या मैदानावर ती ८१ फटक्यांत येते, असं मालक सांगतात. बेंगळुरूचे एक कोच म्हणाले, दहावीनंतर तिला इकडं आणा, दोन वर्षांत प्रो, म्हणजे व्यावसायिक खेळाडू, होईल. तेव्हापासून मालकांनी वीस गुंठे विकायचं मनात घेतलंय. दलाल येऊन गेला, रविवारी इसार घेऊन येतो म्हणतो. दीर म्हणतात, पोरीच्या जातीला हा साहेबांचा खेळ कशाला, आणि खेळवायचंच असेल तर पुण्याला आपल्या माणसांत पाठवा. धाकटा मुलगा सातवीत आहे. मला गोल्फमधलं काही कळत नाही. पण दलाल येऊन गेल्यापासून पोरगी नीट जेवत नाही. राउंड बिघडला की घरी येऊन गोठ्यात जाऊन बसते. विचारलं तर ‘तुम्ही ठरवा’ एवढंच म्हणते. शेत विकावं का?
– एक आई

उत्तर:

ताई,

रविवारी इसार घेऊ नका. बाकीचं सावकाश बोलू, हे आधी. इसाराची रक्कम एकदा हातात पडली की माणूस विचार करायचं सोडतो, आणि नंतर मागे फिरायचं म्हटलं की समोरचा कागद काढून दाखवतो. दलालाला सांगा, पोरीची दहावी होईपर्यंत घरात व्यवहाराचं बोलणं नाही. दहावी म्हटलं की आपल्याकडे दलालसुद्धा आवाज खाली करतो.

दुसरं, मालकांना विचारा की हे वीस गुंठे वडिलोपार्जित आहेत की त्यांनी स्वतः घेतलेले. वडिलोपार्जित असतील तर हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीप्रमाणे मुलीचा त्यात मुलाइतकाच, जन्मापासूनचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ते आणखी स्पष्ट केलं. म्हणजे तिच्यासाठी म्हणून जे विकायला निघालात त्यातला वाटा तिचाच आहे, एक वाटा धाकट्याचा आहे, आणि दोघांचंही सही करायचं वय झालेलं नाही. वकिलाला कागद दाखवल्याशिवाय पुढं जाऊ नका. कायदा बाजूला ठेवला तरी ‘ताईसाठी शेत गेलं’ हे वाक्य पुढं कधीतरी जेवणाच्या पानावर येतं. मी ते अनेक घरांत ऐकलंय. कुठं शेत शिक्षणासाठी गेलेलं असतं, कुठं लग्नासाठी, वाक्य तेच असतं. बेळगावभोवती बायपास आणि रिंग रोडच्या नावानं जाणारी जमीन वाचवायला लोक रस्त्यावर उतरलेले तुम्ही पाहिलेत. आपल्या हातानं सोडायची असेल तर कारण तेवढं पक्कं हवं.

हे वाचून दिरांना आनंद व्हायच्या आत सांगते, खेळ थांबवायचा नाही. परीक्षा झाली की पुढचं वर्षभर ती आजवर खेळली त्यापेक्षा जास्त खेळू दे. शेत थांबवा एवढंच माझं म्हणणं आहे, आणि का ते आता नीट सांगते. मी शाळेत पोरींना खो-खो आणि कबड्डी शिकवून निवृत्त झाले. गोल्फची काठी मी धरलेली नाही, पण खेळणारी पोर आणि तिच्यामागे धावणारा बाप ही जोडी मला चांगली ओळखीची आहे.

आधी त्या ९ कडे बघू. मालकांचा हिशोब थोडा चुकतोय. हँडिकॅप म्हणजे सरासरी नाही. २०२० पासून जगभर एकच पद्धत आहे. खेळाडूचे शेवटचे २० राउंड, म्हणजे अठरा होलचे डाव, घेतात, त्यातले सगळ्यात चांगले ८ निवडतात आणि त्या आठांवरून आकडा काढतात. उरलेले बारा राउंड त्यात धरलेच जात नाहीत. म्हणजे हँडिकॅप ९ याचा अर्थ चांगल्या दिवशी ती ८१ च्या आसपास येते. साध्या दिवशी ८४-८५ लागत असतील आणि वाईट दिवशी नव्वदही. स्पर्धेत वाईट दिवस वगळता येत नाही, तो कार्डावर लिहिला जातो. शिवाय हा आकडा मैदान किती अवघड आहे त्यावरही अवलंबून असतो. ओळखीच्या मैदानावर झुडूप न् झुडूप पाठ असतं, परक्या मैदानावर पहिल्या फटक्यापासून अंदाज चुकतात.

आता दुसरं टोक बघा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे ऑगस्ट २०२१ मध्ये, बेंगळुरूच्या अदिती अशोकनं ६,६४८ यार्डांच्या, पार ७१ च्या, म्हणजे ७१ फटके अपेक्षित असलेल्या, मैदानावर चार दिवसांत ६७, ६६, ६८ आणि ६८ फटके खेळले. एकूण २६९. एवढं करून ती चौथी आली. नेली कोर्डाला २६७ वर सुवर्ण मिळालं, आणि २६८ वर असलेल्या दोघींत रौप्य आणि कांस्य वाटलं गेलं. एक फटका कमी लागला असता तर अदिती पदकाच्या लढतीत होती. तुमच्या मुलीच्या साध्या दिवसात आणि अदितीच्या त्या राउंडमध्ये सोळा-सतरा फटक्यांचं अंतर आहे. पंधराव्या वर्षी एवढं अंतर असण्यात कमीपणा काही नाही. पण ते दोन वर्षांत तुटेल असं कुणी म्हणत असेल तर त्यानं ते कागदावर फोड करून दाखवावं. ड्रायव्हरनं, म्हणजे लांब मारायच्या काठीनं, किती वाचणार, मधल्या अंतराच्या आयर्ननं किती, भोकाजवळच्या बारीक गवताभोवती, म्हणजे ग्रीनभोवती, किती, आणि ग्रीनवरून चेंडू भोकात ढकलताना, म्हणजे पटिंगमध्ये, किती?

‘प्रो होईल’ हा शब्दही जरा तपासून घ्या. प्रो होणं अवघड नाही, प्रो म्हणून पोट भरणं अवघड आहे. स्पर्धेत पहिल्या एक-दोन दिवसांनंतर कट लागतो, म्हणजे मागे पडलेल्यांना तिथूनच घरी पाठवतात. कटच्या बाहेर राहिलेल्या मुलीला बहुतेक ठिकाणी एक रुपयाही मिळत नाही. रेल्वेचं तिकीट, लॉजचं भाडं, प्रवेश फी आणि बॅग उचलणाऱ्या कॅडीची मजुरी मात्र कट लागो न लागो द्यावीच लागते. कोच वाईट माणूस आहेत असं मी म्हणत नाही. पण त्यांनी तुम्हाला पायऱ्यांचं शेवटचं टोक दाखवलंय, मधल्या पायऱ्या दाखवलेल्या नाहीत.

त्या पायऱ्या अदितीच्याच बघा. तिनं पाचव्या वर्षी खेळायला सुरुवात केली. घर बेंगळुरूत, कर्नाटक गोल्फ असोसिएशनचं मैदान शहरातच. २०१३ मध्ये आशियाई युवा स्पर्धा, २०१४ मध्ये युवा ऑलिम्पिक आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धा. डिसेंबर २०१५ मध्ये मोरोक्कोत युरोपच्या महिला टूरची, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेची, पात्रता स्पर्धा तिनं जिंकली, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. २०१६ ला प्रो झाली आणि त्या नोव्हेंबरात गुरुग्रामला महिलांची इंडियन ओपन जिंकून त्या टूरवर जिंकणारी पहिली भारतीय ठरली. पाचव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत तेरा वर्षं झाली, तीही मैदान दारात असताना. तुमची मुलगी आठव्या वर्षी सुरू झाली आणि मध्ये बदल्या आल्या. ती मागे पडलीय असं मी म्हणणार नाही, पण घाईचा हिशोब इथं लागू होत नाही.

आणि आता ज्यासाठी मी एवढं लांब लिहितेय ते. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ मध्ये, शेवटच्या दिवशी सकाळी हीच अदिती सात फटक्यांनी पुढं होती. सात म्हणजे गोल्फमध्ये जवळपास जिंकल्यातच जमा. त्या दिवशी तिला ७७ लागले. सुवर्ण थायलंडच्या मुलीकडे गेलं, अदितीला रौप्य मिळालं. आशियाई स्पर्धेत गोल्फचं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला, तरीही तो दिवस तिला टोचला असणार. दोन ऑलिम्पिक खेळलेल्या, युरोपात जिंकलेल्या मुलीचा हात एखाद्या दिवशी असा बिघडू शकतो, हे या खेळाचं रोजचं आहे. त्यात लाजिरवाणं काही नाही. पण त्या दिवशी तिच्या कुठल्याही पटवर घरचं शेत लावलेलं नव्हतं.

तुमच्या पोरीच्या पटवर ते आत्ताच लागलंय. इसार अजून आलेला नाही, तरी लागलंय. ती जेवत नाही म्हणता, गोठ्यात जाऊन बसते म्हणता. भोक सव्वाचार इंचाचं असतं, चार फुटांवरून चेंडू त्यात घालायचा असतो, आणि हात खाली घेताना डोक्यात दलालाचा चेहरा येतो. मग हात आखडतो. असा हात आखडलेल्या पोरी मी कबड्डीच्या मैदानावरही पाहिल्यात. चढाईला जाताना त्या समोरच्या संघाकडे बघत नाहीत, कोपऱ्यात उभ्या असलेल्या बापाकडे बघतात.

ती ‘तुम्ही ठरवा’ का म्हणते, ओळखा पाहू. ‘विका’ म्हटलं तर शेत तिच्या डोक्यावर. ‘नको’ म्हटलं तर बाबांचा उत्साह तिनं मोडला असं होतं. दोन्हीकडून तीच धरली जाते, म्हणून पोर तोंड मिटून बसलीय. यात तिचं शहाणपणच दिसतं. तेव्हा शेताबद्दल तिला एक अक्षर विचारू नका. तो प्रश्न मोठ्यांचा आहे, मोठ्यांनीच सोडवा, आणि ‘शेत विकायचं नाही, हा विषय संपला’ असं मालकांनी स्वतःच्या तोंडानं तिला सांगावं. तुम्ही सांगून भागणार नाही. त्यानंतर चार-आठ दिवसांनी, भाकरी थापताना वगैरे, साधं काहीतरी विचारा. सकाळी कुणी उठवलं नाही तर सरावाला जाशील का? राउंड चालू असताना बाबा बरोबर असलेले आवडतात की नसलेले? पुढच्या वर्षी कुठल्या मैदानावर खेळावंसं वाटतं? उत्तरं ऐका आणि लगेच त्यावर काही बोलू नका.

मालकांबद्दल जरा स्पष्ट बोलते, रागावू नका. आयुष्यभर पलटणीत काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर हाती घ्यायला काहीतरी मोहीम लागते, आणि तुमच्या पत्रातून मला त्याचा वास येतोय. पोरीवर त्यांचा जीव आहे यात शंका नाही. त्यांच्याशिवाय ती इथवर आलीच नसती. पण शिस्त आणि हिशोब ही त्यांची ताकद जमीन विकण्यापेक्षा दुसरीकडे लावता येईल. त्यांना एक वही द्या. प्रत्येक राउंडनंतर त्यात चार गोष्टी लिहायच्या: एकूण फटके, पट किती लागले, दंडाचे फटके किती, आणि मैदान ओळखीचं होतं की परकं. दर तीन महिन्यांनी फक्त परक्या मैदानांवरच्या स्पर्धांची सरासरी काढायची. ट्रॉफ्या मोजायच्या नाहीत. चार मुली खेळल्या आणि एक पहिली आली तरी ट्रॉफी मिळतेच. वही पोरीसमोर वाचून दाखवायची नाही, हेही त्यांना सांगा.

वहीत मला सगळ्यात जास्त उत्सुकता पटच्या रकान्याची आहे. ७२ च्या पारमध्ये ३६ फटके पटसाठीच धरलेले असतात, एका होलला दोन. म्हणजे अर्धा खेळ ग्रीनवर होतो, आणि तिथं ताकद लागत नाही. टोकियोत लांब मारण्यात अदिती जवळजवळ सगळ्यांच्या मागे होती. त्याच वर्षी कोविड होऊन गेला होता, अंगात जोर नव्हता. तरी ती चौथी आली ती पटिंगवर. एक गोष्ट मालकांना विचारा. आपल्याकडच्या लहान मैदानांवर ग्रीनच्या जागी पुष्कळदा ‘ब्राउन’ असतात, वाळूत तेल मिसळून दाबलेले. त्यावर चेंडू सरळ आणि सावकाश जातो, चढउतार फारसा नसतो. पोरगी ब्राउनवर शिकली असेल तर गवताच्या वेगवान, उताराच्या ग्रीनवर पहिले काही महिने तिचा अंदाज चुकणारच, तीन-तीन पट लागणार. ते बघून घाबरू नका आणि तिला बोल लावू नका. ब्राउनवरचा चांगला हँडिकॅप गवतावर लगेच दिसत नाही, आणि मग घरात ‘बेंगळुरूला जाऊन खेळ बिघडला’ अशी चर्चा सुरू होते. चार-पाच फुटांचे पट ती रोज संध्याकाळी सोप्यात चटईवर मारू शकते. त्याला खर्च नाही.

दिरांच्या दोन म्हणण्यांपैकी ‘साहेबांचा खेळ’ हे निम्मं खरं आहे. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा जगप्रसिद्ध गोल्फ क्लब १७५४ चा. तिथं बायकांना सदस्य करून घ्यायचं मतदान झालं २०१४ मध्ये. म्हणजे नुसत्या साहेबांचाच नाही, साहेबांच्या बायकांनाही बाहेर ठेवणारा खेळ होता. पण आपल्याकडे तो गरिबांच्या पोरांनीही खेळलाय. बेंगळुरूचा मुनिअप्पा कॅडी होता, त्यानं २००९ ची इंडियन ओपन जिंकली. कोलकात्याच्या चौरसियाचे वडील मैदानाच्या देखभालीला होते, त्यानं २०१६ आणि २०१७ अशी दोनदा जिंकली. महूचे मुकेश कुमार २०१६ मध्ये ५१ व्या वर्षी आशियाई टूरवर पहिल्यांदा जिंकले. महूचं नाव मालकांना सांगा, बरं वाटेल.

मात्र इथं एक गोष्ट लक्षात घ्या, ती दिरांनी सांगितलेली नाही आणि मालकांनाही सुचलेली दिसत नाही. या मुलांना मैदान फुकट मिळालं ते बॅग उचलण्याच्या कामामुळे, नाहीतर बापाच्या नोकरीमुळे. आपल्याकडे पोरींना बॅग उचलायला सहसा कुणी ठेवत नाही. म्हणून कॅडीची ती वाट मुलींना फारशी मिळालीच नाही. मुलींना मैदान मिळतं ते बहुतेक घरच्या क्लबच्या सदस्यत्वामुळे किंवा लष्करामुळे. हरियाणाच्या दीक्षा डागरचंच बघा. लहानपणापासून ऐकू कमी येतं, डावखुरी, वडील लष्करात कर्नल, तेच तिचे पहिले शिक्षक. अठराव्या वर्षी, २०१९ मध्ये, तिनं दक्षिण आफ्रिकेत युरोपीय टूरची स्पर्धा जिंकली, २०२३ मध्ये चेक प्रजासत्ताकात दुसरी.

तुमच्या घरातली खरी मालमत्ता त्या वीस गुंठ्यांपेक्षा मालकांचं माजी सैनिकाचं ओळखपत्र ही आहे. लष्कराच्या गोल्फ मैदानांना सरकारी कागदावर ‘पर्यावरण उद्यान आणि प्रशिक्षण क्षेत्र’ असं भारदस्त नाव असतं. नाव काही का असेना, गवत तिथं आहे. माजी सैनिकाच्या मुलीला कुठल्या लष्करी मैदानावर, आठवड्यात कुठल्या वेळी, किती शुल्कात खेळता येईल, हे मालकांनी लेखी अर्ज करून विचारावं. तोंडी विचारलं तर तोंडी नकार येतो. कर्नलच्या मुलीला मिळतं तेच सुभेदाराच्या मुलीला सहज मिळेल असं मी धरून चालणार नाही. पण अर्ज करायला पैसे पडत नाहीत.

‘पोरीच्या जातीला’ याला उत्तर द्यायला दिरांना फार लांब पाठवायला नको. तुरमुरी गाव तुमच्याच बाजूला. शेतकऱ्याच्या घरातल्या मलप्रभा जाधवनं २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीसारख्या खेळात कांस्यपदक आणलं. तेव्हा पश्चिम भागातल्या कुणी ‘पोरीच्या जातीला’ म्हटल्याचं मी ऐकलं नाही. फरक एवढाच की ज्युदो-कुराशला जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी सोय असते, गोल्फला खिसा लागतो. दिरांना पुतणीची काळजी असेल तर स्पर्धेला जाताना स्टेशनवर सोडायचं काम त्यांच्याकडे द्या.

पुणे की बेंगळुरू? पुण्यात येरवड्याला पूना क्लबचं मैदान आहे, लष्कराचंही आहे. बेंगळुरूत कर्नाटक गोल्फ असोसिएशन, १८७६ पासूनचा बेंगलोर गोल्फ क्लब, बिडदीजवळ ईगलटन. भाषेवरून मैदान निवडू नका. पोर तुमची बेळगावची आहे, रविवार पेठेत कन्नडमध्ये भाव करत असेल, तिला बेंगळुरूत भाषेनं काही अडणार नाही. आपण सीमाभागातल्या माणसांनी भाषेसाठी पुष्कळ सोसलंय, तो विषय वेगळा. चेंडूला ते माहीत नसतं. बघायचं एवढंच, तिच्यापेक्षा सरस खेळणाऱ्या तिच्या वयाच्या मुली कुठं आहेत. हांगझोऊला भारताच्या महिला संघात तिघी होत्या: अदिती, अवनी प्रशांत आणि प्रणवी अर्स. तिघीही कर्नाटकच्या. त्यातली प्रणवी मैसूरची, म्हणजे राजधानीत घर असल्याशिवाय होत नाही असंही नाही. माझं मत बेंगळुरूकडे झुकतं. पण बिऱ्हाड हलवू नका. परीक्षेनंतरच्या सुट्टीत नातेवाइकांकडे किंवा मुलींच्या चांगल्या वसतिगृहात ठेवून खेळू दे, मग वर्षभर स्पर्धेपुरतं राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रातोरात जायचं आणि सकाळी उतरायचं. इंडियन गोल्फ युनियनच्या ज्युनियर स्पर्धा वयोगटांप्रमाणे असतात, त्यातल्या पाच-सहा निवडा. मुलगी हाताबाहेर जाईल ही भीती तुम्ही स्पष्ट लिहिली नाहीत, पण ओळींमधून दिसते. पहाटे उठून दहा किलोमीटर चालणाऱ्या पोरीला हाताबाहेर जायला वेळ मिळत नाही.

पैशाचं थोडक्यात सांगते. पेन्शनमधून महिन्याला किती देता येईल ते ठरवा, धाकट्याच्या शिक्षणाला हात न लावता. गोल्फच्या पैशाचं पासबुक वेगळं करा, आणि त्यातले पैसे संपले की त्या महिन्याची स्पर्धा नाही. बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब, म्हणजे काठ्या, चालतात, पण तिला सात-आठ पुरे, तेही वापरलेले. उंची वाढतेय तोवर नवा सेट घेणं म्हणजे पैसे पाण्यात. २०२२ पासून हौशी खेळाडूलाही प्रायोजक घ्यायला परवानगी आहे, तिचं हौशीपण जात नाही. बक्षिसाच्या रकमेला मात्र अजून मर्यादा आहे. एखादी पतसंस्था किंवा कारखाना प्रवासखर्च देत असेल तर जरूर घ्या, फक्त गावभर फ्लेक्स लावायची अट असेल तर नको म्हणा. दहावीच्या पोरीचा फोटो चौकात लागला की पुढचा प्रत्येक वाईट राउंड सगळ्या गावाचा होतो. वर्षभरानं परक्या मैदानावरची सरासरी तीन-चार फटक्यांनी खाली आली, आणि तिलाच जायचं असेल, तर मग मोठा खर्च कसा उभा करायचा ते बोलू. नाही आली तरी दार बंद होत नाही. नॅशनल गोल्फ अकॅडमीचं प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र आहे, पंच होता येतं, आणि नुसतं आवडतं म्हणूनही आयुष्यभर खेळता येतं.

आता तुमचं काम. अदितीची बॅग रिओ ऑलिम्पिकला वडिलांनी उचलली होती आणि टोकियोला आईनं. तुम्हाला गोल्फ कळत नाही म्हणता, ते एका अर्थी बरंच आहे, तुम्ही फटके मोजणार नाही. एकदा तिच्याबरोबर अठरा होल चाला. चार-साडेचार तास लागतील. चालताना एक गोष्ट बघा, ती बापाच्या लक्षात येत नाही आणि कोच विचारत नाही: पोरगी पाणी किती पिते. मैदानावर मुलींचं स्वच्छतागृह कुठं आहे, मधल्या वाटेत आहे की फक्त क्लबहाऊसमध्ये? नसेल तर पोरी पाणीच पीत नाहीत, आणि पाळीच्या दिवसांत तर अजिबात नाही. मग तेराव्या-चौदाव्या होलनंतर डोकं दुखतं, हात जड होतो, फटके वाढतात, आणि घरी सांगतात ‘शेवटी ढेपाळते, मनानं कच्ची आहे’. मी शाळेतल्या धावणाऱ्या पोरींत हे किती पाहिलं. वहीत एक रकाना वाढवा: शेवटच्या पाच होलचे फटके. तिथंच दर वेळी आकडा फुगत असेल तर आधी पाणी, केळं, शेंगदाण्याची चिक्की आणि स्वच्छतागृह बघा, मानसिक ताकदीची भाषणं नंतर. उन्हात टोपी आणि पूर्ण बाह्या, त्यावर कुणी काही बोललं तरी.

कॉलेजचं आत्ताच बघून ठेवा. पी.यू.ला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, ७५ टक्के हजेरी लागते, आणि स्पर्धा नेमक्या कामाच्या दिवशी असतात. प्रवेश घ्यायच्या आधी दोन-तीन कॉलेजांच्या प्राचार्यांना भेटा, स्पर्धांच्या तारखा दाखवा, आणि खेळासाठीच्या गैरहजेरीचं काय करतात ते लेखी मागा. गोड बोलून ‘बघू, करू’ म्हणणारं कॉलेज नको. कुणीच तयार नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावी करता येते, पण त्यासाठी घरात रोज ठरलेला अभ्यासाचा वेळ हवा. शाखा तिला निवडू दे. विज्ञान घेतलं तर प्रॅक्टिकल चुकतात, हे तिला आधी सांगा.